विश्लेषण : शेतातली मोटार घरबसल्या सुरू होते, पण ती बंद पडल्याचे कोण सांगणार?

जुन्नर, आंबेगावच्या शिवारात मोबाइलवरून पंप सुरू करणारे स्टार्टर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. रात्रीची वीज आणि उसातला बिबट्या या दोन कारणांनी त्यांची गरज वाढवली. पण यंत्र दूरून सुरू करणे आणि यंत्रावर दूरून नजर ठेवणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सोपी आहे. दुसरी नीट बसवली नाही, तर मोटार जळते, दूध नासते आणि मोबाइलवर मात्र ‘सर्व ठीक’ दिसत राहते. अशी यंत्रणा कशी चालते, अलार्म कशावर लावायचा आणि चुकते कुठे, याविषयी…

रात्री मोटारीवर जाणे इतके अवघड का झाले?

कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तीही साधारण आठ तास. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठी किंवा विहिरीवर मोटार, तेथून पाइपलाइन आणि शेत भलतीकडेच, अशी अनेकांची मांडणी असते. रात्री वीज आली की मोटार चालू करायला एकाने जायचे आणि दुसऱ्याने दारे धरायची. मध्येच फेज गेला, तर पुन्हा मोटारीपर्यंत चक्कर.

ही चक्कर आता जिवावरची झाली आहे. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांना लपायला जागा आणि बछडे वाढवायला आडोसा मिळतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड, जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यानंतर संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला होता. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी त्याआधीपासूनची. सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशही तोच आहे. पण जोवर प्रत्येक फीडरवर दिवसाची वीज येत नाही, तोवर रात्री विहिरीवर जावे लागू नये यासाठी हाताशी असलेले साधन म्हणजे मोबाइल स्टार्टर.

स्टार्टरच्या डब्यात नेमके काय असते?

बाहेरून तो साधा डबा दिसतो. आत चार भाग असतात. पहिला भाग मोजणारा : तिन्ही फेजचा दाब आणि तारेतून वाहणारा प्रवाह. प्रवाह मोजण्यासाठी तारेभोवती एक छोटी कडी बसवतात, तिला ‘सीटी’ म्हणतात. दुसरा भाग ठरवणारा. हा छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. मोजलेला आकडा मर्यादेत आहे की नाही, हे तो सेकंदा-सेकंदाला तपासतो. तिसरा भाग करणारा, म्हणजे रिले. मूळ स्टार्टरचे हिरवे-लाल बटण बोटाने दाबण्याचे काम तो करतो. चौथा भाग बोलणारा : सिम कार्ड घातलेला मोडेम. मिस्ड कॉल, एसएमएस किंवा अॅप यांतून आदेश येतो आणि त्याच वाटेने उत्तर परत जाते.

साखर कारखान्याच्या बॉयलरवरची किंवा औषध कंपनीतली मोठी यंत्रणा याहून मुळात वेगळी नसते. तेथे मायक्रोकंट्रोलरच्या जागी पीएलसी असतो, सिमच्या जागी केबल किंवा फायबर असते आणि मोबाइलच्या पडद्याऐवजी नियंत्रण कक्षात ‘स्काडा’चा पडदा असतो. मोजणे, ठरवणे, करणे आणि सांगणे ही साखळी तीच.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत गोम इथेच असते. काही डब्यांत पहिला भाग जवळजवळ नसतोच. ते फक्त बटण दाबतात आणि ‘मोटार सुरू’ असा संदेश पाठवतात. तो संदेश रिले ओढला गेल्याचा असतो. मोटार फिरते आहे की नाही, पाणी येते आहे की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. घेताना विचारायचा प्रश्न एकच : हा डबा प्रवाह मोजतो का?

प्रवाहाच्या आकड्यावरून काय कळते?

जवळजवळ सगळेच. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार पूर्ण भारावर साधारण सात ते आठ अॅम्पिअर प्रवाह घेते. विहिरीतले पाणी खाली गेले आणि पंप कोरडा फिरू लागला, की उचलायला भार नसल्याने हा आकडा बराच खाली येतो. मोटार फिरत असते, आवाजही येतो, पण पाण्यावर थंड होणारे भाग तापू लागतात. याला ‘ड्राय रन’ म्हणतात. पाणबुडी मोटारीला तो विशेष घातक, कारण तिला थंड ठेवणारे पाणीच उरलेले नसते.

उलट, तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोन तारांवर भार पडतो आणि त्यांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. ग्रामीण भागात मोटारी जळण्याचे हे नेहमीचे कारण. वाइंडिंग नव्याने भरायचे म्हणजे पैसे जातातच. शिवाय मोटार वर काढणे, दुकानात नेणे, परत सोडणे यांत ऐन पाण्याच्या पाळीतले दिवस जातात. टोमॅटोला किंवा द्राक्षाला फुगवणीच्या वेळी तेवढे दिवस पाणी चुकणे परवडत नाही.

म्हणून अलार्मच्या मर्यादा मोटारीच्या पाटीवरचा आकडा पाहून घाईने लावू नयेत. विहीर भरलेली असताना, पाणी चांगले पडत असताना प्रत्यक्ष किती अॅम्पिअर घेतले जातात, ते आधी लिहून ठेवावे. जुनी मोटार, लांब पाइपलाइन, कमी दाबाची वीज यांनी प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा येतो. शेजाऱ्याच्या डब्यातली सेटिंग उचलून आपल्या डब्यात टाकली, तर एकतर मोटार सारखी बंद पडेल किंवा जळेपर्यंत बंदच होणार नाही.

सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर?

‘ऑटो स्विच’चा प्रश्न हाच आहे. वीज येताच मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून अनेकांनी ऑटो स्विच बसवले. सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या वीस-पंचवीस मोटारी एकाच सेकंदाला उठल्या, तर दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि कधी डीपीच जळतो. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करते ते यासाठीच.

मोबाइल स्टार्टरमध्ये यावर उपाय आहे, पण तो वापरला जात नाही. वीज आल्यानंतर किती वेळाने मोटार उठवायची, हे त्यात ठरवता येते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून कोणी एक मिनिट, कोणी दोन, कोणी तीन असा वेळ लावला, तरी भार विभागला जातो. यासाठी नवा खर्च नाही; पारावर बसून एकदा बोलणे तेवढे लागते. तेच अवघड असते, हा भाग निराळा.

अलार्म कधी वाजावा आणि कधी वाजू नये?

यंत्रणा बसवणारे सर्वांत कमी वेळ देतात तो या प्रश्नाला. गावातल्या दूध संकलन केंद्रावरचा बल्क मिल्क कूलर घ्या. त्यात दूध चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून ठेवायचे असते. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला, तर सकाळी टँकर येईपर्यंत सगळ्या गावाचे दूध खराब होऊ शकते. म्हणून तापमान पाच अंशांवर गेले की अलार्म, असे कोणीतरी लावून जातो.

संध्याकाळी संकलन सुरू होते. कोमट दूध टाकीत पडते, तापमान वर जाते आणि अलार्म वाजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी केंद्रावरचा माणूस आवाज बंद करतो. यात त्याचा दोष नाही. रोज खोटे बोलणाऱ्या यंत्राशी माणसे अशीच वागतात. ज्या रात्री कॉम्प्रेसर खरोखर बंद पडेल, त्या रात्री अलार्म वाजेल आणि तो ऐकायला कोणी नसेल.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे विलंब : तापमान मर्यादेच्या वर सलग ठरावीक मिनिटे राहिले, तरच अलार्म. संकलनाच्या वेळेसाठी हा विलंब मोठा, रात्रीसाठी छोटा. दुसरा म्हणजे दोन आकड्यांतले अंतर : अलार्म सहा अंशांवर सुरू झाला, तर तो पाच अंशांवर उतरल्यावरच थांबावा. हे अंतर ठेवले नाही, तर तापमान सहाच्या आगेमागे घुटमळत राहते आणि फोन रात्रभर वाजत-थांबत राहतो.

अलार्मच्या अतिरेकाने काय होते, याचे उदाहरण जगभरातल्या अभियंत्यांना पाठ आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. महत्त्वाचा कोणता, हे त्या गर्दीत कळणे शक्यच नव्हते. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण २६ जण जखमी झाले. पुढे या क्षेत्रात जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत एका ऑपरेटरला नेहमीच्या कामकाजात साधारण दहा मिनिटांत एकाहून अधिक अलार्म येऊ नये, असा दंडक आला. मोबाइलवर अलार्म घेणाऱ्या शेतकऱ्याने किंवा डेअरी चालकाने तर याहून कडक नियम लावावा : ज्या संदेशावर उठून काही करायचे नाही, तो अलार्म नव्हेच. ‘मोटार सुरू झाली’, ‘मोटार बंद झाली’ हे नोंदवहीत जावे. फोन वाजावा तो फक्त ‘पाणी नाही’, ‘फेज गेला’, ‘तापमान उतरत नाही’ यांसाठी.

फोन वाजत नाही, म्हणजे सर्व ठीक?

नाही. शांततेचे दोन अर्थ असतात. एक, बिघाड नाही. दोन, बिघाड सांगणारेच बंद पडले आहे.

कारखान्यांतल्या मोजमापाच्या पद्धतीत यावर फार जुना आणि सुंदर तोडगा आहे. दाब, तापमान मोजणारे सेन्सर आपला आकडा तारेवरून ४ ते २० मिलिअॅम्पिअर प्रवाहाच्या रूपात पाठवतात. शून्यासाठी शून्य का नाही, चार का? कारण तार तुटली, तर प्रवाह खरोखर शून्य होतो. चार म्हणजे ‘दाब नाही’ आणि शून्य म्हणजे ‘तारच नाही’. दोन्हींतला फरक यंत्राला लगेच कळतो.

मोबाइलच्या यंत्रणेत हेच काम ठरावीक वेळाने येणारा हजेरीचा संदेश करतो. डब्याने दर अर्ध्या तासाने ‘मी आहे’ एवढेच सर्व्हरला कळवायचे. दोन हजेऱ्या चुकल्या, की अलार्म डब्याने नव्हे, सर्व्हरने द्यायचा. विकत घेताना ही सोय आहे का, हे आवर्जून विचारावे. अनेक स्वस्त डब्यांत ती नसते. वीज गेल्यावर डबाही गेला, तर वीज गेल्याचे सांगणार कोण? म्हणून आत छोटी बॅटरीही हवी.

यंत्रणा गप्प होण्याची प्रत्यक्ष कारणे मात्र याहून साधी असतात. सिमचे रिचार्ज संपलेले असते, हे पहिले. डब्यातले सिम कोणाच्या खिशात नसल्याने त्याची आठवण राहत नाही. केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना वेगळे द्यावे लागले आहे. एसएमएसवर चालणाऱ्या डब्याला तेवढे पुरते. दुसरे कारण टूजी. अनेक डब्यांतले मोडेम फक्त टूजीवर चालतात आणि जिओचे जाळे मुळातच फोरजी-फाइव्हजीचे आहे. अशा डब्यात जिओचे सिम चालतच नाही. नवा डबा घेताना फोरजी मोडेम असलेलाच घेणे शहाणपणाचे. तिसरे कारण स्वतःच्या फोनमधले : बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन पडद्यामागची अॅप झोपवतो आणि सूचना सकाळी दिसते. म्हणून महत्त्वाचा अलार्म अॅपच्या सूचनेवर सोडू नये, थेट फोन कॉलवर ठेवावा. पाच मिनिटांत कोणी प्रतिसाद दिला नाही, तर कॉल आपोआप दुसऱ्या नंबरवर जावा.

खोडदच्या दुर्बिणीवर नजर कशी ठेवली जाते?

दूरून नजर ठेवण्याचे याच तालुक्यातले मोठे उदाहरण म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, अर्थात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआरच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यवर्ती भागात साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, आजूबाजूच्या गावांच्या शिवारांत. दोन टोकांच्या अँटेनांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर.

या सर्वांनी एकाच वेळी आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहायचे असते. त्यामुळे प्रत्येक अँटेनापाशी स्वतःचा संगणक आहे. तो मध्यवर्ती इमारतीतून ऑप्टिकल फायबरवरून आलेले आदेश घेतो, अँटेना फिरवणाऱ्या मोटारी चालवतो आणि स्थिती परत कळवतो. शेतातल्या डब्यासारखीच साखळी, फक्त तीस ठिकाणी आणि कितीतरी बारकाव्याने.

मुख्य शत्रू वारा. अँटेनाची तबकडी पत्र्याची नाही, पोलादी तारांच्या जाळीची आहे, त्यामुळे वारा बराचसा आरपार जातो. तरी ताशी ४० किलोमीटरच्या वर वारा गेला, की निरीक्षण थांबवून अँटेना तोंड आकाशाकडे करून उभ्या केल्या जातात. इथे शिकण्यासारखे एवढेच, की धोक्याची कृती आधी ठरलेली आहे. अलार्म आल्यावर काय करायचे, हा विचार रात्री दोन वाजता सुरू होत नाही. आणि अँटेना मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून लावलेले लिमिट स्विच अँटेनावरच आहेत. नियंत्रण कक्षातून काय आदेश आला, याची ते वाट पाहत नाहीत. मोटारीच्या बाबतीतही ड्राय रन आणि फेजचे संरक्षण डब्यानेच जागेवर द्यायला हवे. नेटवर्कवरून आदेश येईल मग बंद करू, अशी रचना असेल, तर ती घेऊ नये.

दुर्बिणीच्या देखरेखीच्या आज्ञावलीचा अनुभव पुढे जगाच्या कामी आला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर अॅरे’ या प्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेचा आराखडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या याच केंद्राने केले.

दुर्बिणीचा शेजार स्थानिक उद्योगांना दुसऱ्या बाजूनेही जाणवतो. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असल्याने तिच्या ३० किलोमीटर परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या मार्गाचा फेरविचारही तिच्यामुळेच करावा लागला. त्यामुळे या भागात वायरलेस यंत्रणा निवडताना एक गोष्ट पाहावी : बाजारात मिळणारे स्वस्त वायरलेस रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे. विहीर घराजवळ असेल तर सरळ केबल टाकावी. लांब असेल तर मोबाइल नेटवर्कवर चालणारा डबा बरा. डीपीवरच्या ढिल्या जोडातून उडणाऱ्या ठिणग्याही दुर्बिणीला ऐकू येतात आणि मोटारीलाही मारक असतात, तेव्हा तो जोड घट्ट करून घेणे दोघांच्याही फायद्याचे.

दूरून सुरू करण्यात कोणता धोका आहे?

जीवघेणा धोका इथेच आहे आणि माहितीपत्रकात तो सहसा नसतो. विहिरीवर एक जण मोटारीचा जोड सोडवून बसला आहे. घरातल्या दुसऱ्याला ते माहीत नाही. अॅपवर मोटार ‘बंद’ दिसते म्हणून तो पुण्यातून बटण दाबतो. किंवा कोणीच काही दाबत नाही. वीज येते आणि ठरवलेल्या वेळेनंतर डबा स्वतःच मोटार उठवतो. रात्रीची वीज, ओल्या हाताचा माणूस आणि ४१५ व्होल्ट.

कारखान्यांत यासाठी कडक शिस्त असते. दुरुस्तीला जाणारा माणूस मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. शेतातही तेच करता येते. मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच खाली, तिन्ही फ्यूज काढून खिशात, टेस्टरने तिन्ही फेज तपासणे आणि मगच पान्हा. अॅपमध्ये ‘बंद’ करून काम सुरू करणे म्हणजे बंद करणे नव्हे. डब्यावर ‘मोटार केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते’ अशी मराठी पाटी लावावी, कारण दुरुस्तीला येणाऱ्या वायरमनला आत मोबाइल स्टार्टर आहे हे बाहेरून कळत नाही.

आदेश देऊ शकणारे नंबरही मोजके असावेत. बहुतेक डबे कंपनीने दिलेल्या सोप्या पासवर्डवरच चालू राहतात आणि तो पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. बसवणारा माणूस गेल्यावर पहिल्याच दिवशी तो बदलावा. बसवणाऱ्याचा स्वतःचा नंबर यादीत राहिला असेल, तर तोही काढावा.

बसवल्यावर चाचणी कशी घ्यावी?

पैसे देण्याआधी, बसवणारा समोर असतानाच. एक फ्यूज काढून मोटार सुरू करण्याचा आदेश द्यावा. मोटार उठता कामा नये आणि फोन यायला हवा. ही चाचणी वायरमननेच घ्यावी. मग डब्याची वीज तोडून वीज गेल्याचा संदेश येतो का पाहावे. शेवटी सिम काढून ठेवावे आणि हजेरी चुकल्याचा अलार्म किती वेळाने येतो, ते घड्याळ लावून मोजावे. दूध केंद्रावर सेन्सर गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून तीच परीक्षा घेता येते. पाणी खाली जाण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ड्राय रनची मर्यादा पुन्हा तपासावी. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीवर लावलेला आकडा तेव्हा जुळेलच असे नाही.